वाळूतल्या चाफ्याची खात्री

अण्णा,

तू भरतीच्या वेळी गेलास, असं शेजारची हिरूबाय गावभर सांगत फिरते आहे. मोठा माणूस भरतीलाच जातो, असा तिचा हिशेब. मी फोनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं. ओहोटी होती, आणि तीही अर्धीअधिक सरलेली. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "तुजा भाव ना गो तो? मग भरतीच धर." मला वाटतं, तुला ओहोटीच पसंत पडली असती. खारं पाणी मागे हटलेलं असताना तू गेलास.

निधनवार्ता मीच लिहिली. वय, मूळ गाव उमेळे, वाडीवाले म्हणून ओळख, पश्चात बहीण. नोकरीची सगळी वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या निधनवार्ता कापण्यात गेली. तुझी कापावी लागली नाही, कारण तिच्यात जास्तीचं काही नव्हतंच. वाळू नव्हती, विहीर नव्हती, आणि शेवटच्या महिन्यांत तू मला जो एकच प्रश्न विचारत होतास तोही नव्हता. तेव्हा माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तू इथे आलास तो चार दिवसांसाठी. उमेळ्याच्या वाडीवर इमारत उभी राहिली, तिच्यात तुला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. खिडकीतून खाली गाड्या उभ्या दिसत, तिथे आपलं बावखल होतं. बावखल काय हे तुला सांगायची गरज नाही, वाचणाऱ्यांसाठी सांगते. वाडीच्या पोटातलं गोड्या पाण्याचं तळं, ज्यावर केळी, पानवेली, फुलझाडं सगळी जगायची. वहिनी गेल्यावर त्या खिडकीशी तू एकटा उरलास. मी निवृत्तीनंतर कळंबला लहानसं घर बांधलं होतं, समुद्र आणि घर यांच्यामध्ये फक्त सुरूची एक विरळ रांग. "हवा बदलून येतो," म्हणालास. रिक्षातून उतरलास तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात फावडं, आणि सीटवर तेलाच्या डब्यात सोनचाफ्याचं कलम. वाडीतलं झाड पडण्याआधी त्याच्या फांदीवर तू ते बांधून घेतलं होतंस. हवा बदलायला फावडं कशाला लागतं, हे मी विचारलं नाही.

त्या वेळी माझी बाग लावून झाली होती. ती मी बातमीसारखी लावली होती, म्हणजे आधी जागेवर जाऊन पाहून. बरेच महिने किनाऱ्याने चालताना एवढंच बघत होते, की कोणीही न लावता इथे काय उभं आहे. लाटेच्या सर्वांत जवळ मर्यादवेल, वाळूला धरून पसरलेली. तिच्यामागे केवडा. मग भेंड आणि उंडी, जाड चकचकीत पानांची, ज्यांच्यावर बसलेलं मीठ पहिल्या शिडकाव्यात निघून जातं. घराजवळ कण्हेर, कोरफड, पांढरा चाफा. सगळी झाडं अशी, की ज्यांना मी चार दिवस विसरले तरी त्यांना कळणार नाही. 

तू कमरेवर हात ठेवून एक फेरी मारलीस.

"बाय, ही काय बाग? हे तर स्मशान."

"यातलं एकही झाड मेलेलं नाही."

"स्मशानातलीसुद्धा मरत नाहीत."

मग डब्यातलं कलम दाखवून म्हणालास, याला जागा दे. मी सांगितलं, हे इथे जगणार नाही. पायाखाली वाळू आहे, वाऱ्यात मीठ आहे, याला दोन्ही सोसत नाही. चाफाच हवा असेल तर पांढरा आहे की, तो मिठात तगतो. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं तू मासळीवाल्याने शिळा बोंबील ताजा म्हणून पुढे केल्यावर पाहायचास. "त्याचं नाव चाफा आहे म्हणून तो चाफा होत नाही. तुझ्या हापिसात दोन पाटील असतील, ते काय भाऊ झाले?" वनस्पतिशास्त्र तुझ्या बाजूने होतं. दोघांचं कूळ वेगळं आहे. मी ते तपासलं, पण तुला सांगितलं नाही.

सोनचाफा तुझ्यासाठी काय होता, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तू पहाटे फुलं घेऊन दादरच्या बाजारात जायचास, आणि परतताना आमच्या कचेरीच्या रखवालदाराकडे केळीच्या पानात बांधलेली पुडी ठेवायचास. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. मी दुपारी कामावर पोचेपर्यंत जिन्यालाच वास लागलेला असे. त्या टेबलावर मी अपघातांच्या, निवडणुकांच्या, दरोड्यांच्या बातम्या लावल्या आणि त्या सगळ्यांना तुझ्या फुलांचा वास होता. एकदा मुख्य उपसंपादक म्हणाले, "तुमच्या भावाला सांगा, आज बजेट आहे, जरा कमी घमघमीत पाठवा." हे तुला सांगितलं तेव्हा दुसऱ्या दिवशी पुडी दुप्पट झाली होती.

तुझा चाफा घराच्या मागच्या बाजूला गेला, समुद्राच्या विरुद्ध. तेवढं माझं ऐकलंस. इनासने त्याच्या वाडीतून टेम्पो भरून काळी माती आणली. शाळेपासूनचा तुझा मित्र. त्याची वाडी अजून वाडी आहे, त्यामुळे तो तुझ्याशी जरा जपून बोलत असे, पण त्या दिवशी नाही. "वाळूत काळी माती टाकतोय," तो म्हणाला, "म्हणजे समुद्राला जेवायला वाढतोय आपण. मिठाची तेवढी गरज नाही, त्याच्याकडे आहे." तुम्ही दोघांनी खड्डा घेतला, माती भरली, चाफा लावला. मग जागा उरली म्हणून केळी लावल्या. मग मोगरा. मग पपई. चार दिवस केव्हाच उलटले होते.

आणि त्या सगळ्याला पाणी लागायला लागलं.

आपल्या विहिरीबद्दल आता लिहायला हरकत नाही. ती विहीर म्हणजे वाळूतला उथळ खड्डा होता, कठडा बांधलेला. वर गोडं पाणी, थोडंसंच. उन्हाळ्यात ते खाली गेलं तेव्हा तू तेच केलंस, जे उमेळ्यातला कुठलाही वाडीवाला डोळे मिटून करेल. वैशाखात पाणी आटलं की बावखल उपसायचं. गाळ काढायचा, तळ हातभर खाली न्यायचा, सगळ्या आळीने मिळून, आणि मग एकत्र जेवायचं. आपल्या बापाने हेच केलं, त्याच्या बापाने हेच. तू आणि इनास दोन दिवस विहिरीत उतरून वाळू काढत होतात. मी मांदेली तळली. दुसऱ्या संध्याकाळी तळातून पाणी असं उसळून वर आलं, की तू खालून ओरडलास, "बाय, लाव मथळा!"

इनास म्हणाला, "पहिल्या पानावर. आणि फोटो माझा."

चार-पाच दिवसांनी सकाळचा चहा नासला. दूध बदललं, पुन्हा नासला. मी भांड्यातलं पाणी चाखलं आणि ते तुझ्याकडे आणून ठेवलं. तू एक घोट घेतलास. तोंडात धरलास, जसा वैद्य काढा धरतो तसा, आणि बाजूला जाऊन थुंकलास. उमेळ्यात खोल गेलं की पाणी लागतं. इथे वरच्या गोड्या पाण्याखाली समुद्र बसलेला होता, आणि आपण त्याच्या दारापर्यंत खणत गेलो होतो.

हिरूबाय तेव्हा मासे द्यायला आली होती. तिला बातमी लागायला वेळ लागत नाही. विहिरीत डोकावली, बोट बुडवून चाखलं. "बाबा रं, दर्याला भोक पाडलंस तू! आता यातच जाळा टाक, मला बोट नको न काय नको."

तू हसलास. मला वाटतं ते हसणं सर्वांत अवघड होतं.

केळीची पानं कडेने भाजल्यासारखी झाली, मग सगळीच बसली. मोगरा गेला. पपई गेली. पुढच्या बाजूला माझं स्मशान हिरवंगार उभं होतं. चाफ्याने सगळी पानं टाकली आणि काठीसारखा राहिला. तू नखाने त्याची साल जराशी खरवडून पाहायचास, आत हिरवं आहे का. रोज खरवडू नकोस, मी म्हणाले, वाऱ्यापेक्षा तुझ्या नखानेच मरेल. आपलं त्या उन्हाळ्यातलं बहुतेक संभाषण एवढंच होतं.

मी तेव्हा "सांगितलं होतं" म्हणाले नाही. म्हणण्यासारखं नव्हतंच. विहिरीचं मलाही माहीत नव्हतं. मी झाडं पाहिली होती, पाणी नाही.

विहीर तूच बुजवलीस. जेवढी खोल नेली होतीस तेवढी, तीच वाळू परत टाकून, घमेल्याने. इनास मदतीला आला, या वेळी कोणी मांदेली तळली नाही आणि कोणी ओरडलं नाही. विहिरीवरचा पंप काढून ठेवलास. पावसाळाभर विहिरीला हात लावायचा नाही, असा हुकूम काढलास, पिण्याचं आणि झाडांचं सगळं नळाच्या पाण्यावर भागवलंस, चाफ्याला तर तांब्याने. पावसाळ्यानंतर वरचं पाणी चाखलंस. मला बोलावून चाखायला दिलंस. गोडं म्हणता आलं नसतं, पण चहा नासला नाही. त्यानंतर तू विहिरीशी आजाऱ्याशी वागावं तसा वागायला लागलास. पोहरा वरच्यावर बुडवायचा, ढवळायचं नाही, रोज थोडंच काढायचं.

त्याच सुमारास पुढच्या अंगणातल्या माझ्या उंडीच्या रोपांमधली काही नाहीशी झाली. मागे गेले तर चाफ्याच्या पश्चिमेला ती ओळीने उभी होती, वाऱ्याच्या तोंडावर, मध्ये भेंडाची दोन. 

"ही इकडे कशी आली?"

"वाटेत येत होती," तू म्हणालास. "पाय अडकून पडलो असतो मी."

त्या वाटेने तू कधी जात नव्हतास. मी बरं म्हणाले. आपल्या भांडणाचा निकाल एवढाच लागला, आणि तो दोघांनीही जाहीर केला नाही. तुझ्या चाफ्यापुढे माझी झाडं मीठ झेलत वाढत राहिली. काही वर्षांत ती कौलांच्या वर गेली. चाफ्याला पानं आली, जळली, परत आली. मग एका उन्हाळ्यात कमी जळली.

मग तुझं हृदय थकलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, पाणी मोजून दिलं. तू त्या तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना म्हणालास, "आमच्याकडे अजून एक पेशंट आहे, त्यालाही हेच पथ्य आहे." त्यांना कळलं नाही. त्यांनी दुसऱ्या पेशंटचं वय विचारलं. परतताना रिक्षात तू एवढा हसलास की दम लागला, आणि दम लागल्यावर मला भीती वाटली, आणि तू म्हणालास, "हसू दे गं. हसण्यात मीठ नसतं."

पाय सुजायला लागल्यावर तू मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसायचास. पोहरा माझ्या हातात आला. तिथून तू रोज सकाळी विचारायचास, "बाय, जगेल का तो?"

हिरूबाय म्हणायची, "जगंल की! का नाय जगायचा? तुज्यापेक्षा बरा दिसतो." इनास म्हणायचा, देवाच्या कृपेने जगेल. तुला बघायला येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, जगेल, जगेल, आणि ते चाफ्याबद्दल बोलत आहेत की तुझ्याबद्दल, हे कळत नसे. मी म्हणायचे, "अजून सांगता येत नाही."

एकदा इनासने मला बाजूला घेतलं. "आजारी माणसाला हो म्हणायला काय जातं तुझं?" तू ते ऐकलंस. पडवीतून म्हणालास, "तिच्यावर दबाव आणू नको. सगळे हो म्हणतात म्हणून तर मी तिला विचारतो." आणि मग मला म्हणालास, "कधी सांगशील?"

मी म्हणाले, दोन ठिकाणांहून खात्री झाल्यावर.

"कुठली दोन?"

एक, वैशाखात पानांच्या कडा जळता कामा नयेत. दुसरं तूच पूर्वी सांगितलेलं होतं: हाताने पाणी घालतोय तोवर झाड पाहुणं असतं, पाणी थांबवल्यावर जगलं तर ते त्या जमिनीचं झालं. तू मान हलवलीस. पण पाणी थांबवायला ना तू सांगितलंस, ना माझा हात थांबला. ती चाचणी घ्यायची छाती आपल्यापैकी कोणाचीच नव्हती.

तू गेलास त्या सकाळी मी चहा घेऊन पडवीत आले. काही महिने तुझा श्वास घरभर ऐकू यायचा, ओढत आणलेल्या होडीसारखा. त्या सकाळी घर शांत होतं. चहा खाली ठेवायच्या आधीच मला कळलं, आणि जे पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं. तुला आता श्वास ओढायचा नाही, एवढंच वाटलं. नंतर येणारे सगळे म्हणाले, सुटला. हा शब्द मी कधी बातमीत जाऊ दिला नसता. बातमीत तो अजूनही जाऊ देणार नाही, पण इथे तो बरोबर आहे. तू सुटलास, अण्णा, आणि खोटं कशाला लिहू, तुझ्या प्रत्येक श्वासाकडे कान लावून बसण्यातून मीही सुटले.

मग माणसं आली. उमेळ्याची, विरारची, इनासकडची सगळी. अंगणात ताडपत्री, चुलीवर पातेली, ओट्यावर चपलांचा ढीग. कोण कुठे झोपतं, कोणाला मधुमेह आहे, कोणाला बिनसाखरेचा चहा, यात मी अशी अडकले की मागच्या अंगणाची आठवण झाली ती थेट तेराव्याची पानं उठल्यावर. सगळे गेले होते. इनास ताडपत्री घडी करत होता. भर वैशाख होता, आणि तू गेल्यापासून मी पोहऱ्याला हात लावला नव्हता.

मी मागे जायच्या आधी पायऱ्यांवर बसले. इनास म्हणाला, "मी बघून येऊ?" मी नको म्हणाले. जे काय असेल ते जागेवर जाऊनच पाहायचं होतं.

चाफा उभा होता. पानं लटकलेली नव्हती. मी खालपासून एकेक पान हातात घेऊन कडा पाहिल्या. जळालेल्या नव्हत्या. शेंड्याच्या खाली, पानाच्या बगलेत, टोकदार, फिकट हिरवी कळी होती.

माझं पहिलं काम होतं, कोणी पाणी घातलं का ते शोधणं. इनासला विचारलं. तो दुखावला. "तुझ्या घरात मी विचारल्याशिवाय पेला उचलत नाही, झाडाला पाणी घालेन?" हिरूबायला कुंपणावरून हाक मारली.

"मी? मी कशाला घालू? मी तर म्हनलं, सुतकात झाडाला पानी चालत नसंल."

"नक्की?"

"बाय, आता मला तुज्या पेपरात छापतेस का काय?"

उमेळ्याला फोन केला, विरारला केला. सुतकात आलेल्या ज्यांच्याकडे फोन होता त्या सगळ्यांना विचारलं. मागच्या अंगणात कोणी गेलंच नव्हतं. उंडीच्या आडोशामुळे तिथे चाफा आहे हेही काहींना माहीत नव्हतं. म्हणजे ते पाणी चाफ्याने स्वतःच मिळवलं होतं. तू बुजवलेल्या विहिरीच्या त्याच वरच्या, उथळ, गोड्या पाण्यापर्यंत त्याची मुळं केव्हातरी पोचली होती, आणि आपण दोघं तरीही रोज त्याला पोहऱ्याने पाजत होतो.

इनासला सांगितलं तेव्हा तो ताडपत्रीवरच बसला. मग म्हणाला, "आता तरी हो म्हण त्याला." म्हणून हे लिहायला घेतलं, पण कळी उमलेपर्यंत थांबले. कळी हा अंदाज असतो.

आज सकाळी फूल उमललं. वास आधी पडवीत आला, तुझ्या खुर्चीपर्यंत. ती अजून तिथेच आहे, हलवली नाही.

नव्या झाडाचं पहिलं फूल ना देवाला ना बाजाराला, ज्या पाण्यावर झाड वाढलं त्या पाण्याला द्यायचं, ही आपल्या घरची रीत. लहानपणी बावखलाच्या काठी तू मला खांद्यावर उचलून ते टाकायला लावायचास, आणि माझा नेम चुकून फूल काठावर पडलं की चिडायचास. आज इनासला बोलावलं होतं. हिरूबाय न बोलावता आली. विहिरीचा कठडा बसका आहे, नेम चुकण्यासारखं काही नव्हतं. फूल पाण्यावर पडलं, जरा फिरलं आणि तरंगत राहिलं.

हिरूबाय म्हणाली, "आता चाखून बघ. तुज्या भावाचा दर्या खाली बसला का अजून वर येतो?"

मी पोहरा वरच्यावर बुडवला, ढवळलं नाही. चाखलं.

गोडं आहे. आणि अण्णा, दोन्हीकडून खात्री झाली. चाफा जगला.